त्रेपन्न महिने एकाच कपारीवर: समुद्रातले रोबो नेमकं काय करतात?

एप्रिल २००७. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ माँटेरे नावाची एक खोल समुद्रदरी आहे. तिथे सुमारे १४०० मीटर खोलीवर ऑक्टोपसची एक मादी एका खडकाकडे सरकताना दिसली. तिला पाहणारा कुणी पाणबुड्या नव्हता. जहाजाला केबलने जोडलेला एक रोबो तिथे उतरला होता आणि त्याच्या कॅमेऱ्यातलं दृश्य वर जहाजावरची माणसं बघत होती. मे महिन्यात रोबो पुन्हा त्याच जागी गेला तेव्हा ती मादी खडकाच्या उभ्या अंगाला चिकटून अंड्यांवर बसलेली होती. ही तीच कशावरून? अंगावरच्या व्रणांवरून ती ओळखू आली.

पुढची साडेचार वर्षं संशोधक त्या कपारीवर पुनःपुन्हा रोबो पाठवत राहिले, एकूण १८ वेळा. प्रत्येक वेळी ती तिथेच होती. तिने काही खाल्लेलं एकदाही दिसलं नाही. जवळ येणाऱ्या खेकड्यांना ती फक्त बाजूला सारायची. हळूहळू तिचा रंग फिका पडत गेला, डोळे धूसर झाले, कातडी सैल पडली. सप्टेंबर २०११मध्ये ती शेवटची दिसली. ऑक्टोबरमध्ये रोबो गेला तेव्हा ती नव्हती, खडकावर फक्त अंड्यांची रिकामी कवचं लोंबत होती. पिल्लं बाहेर पडली होती. अंड्यांवर बसण्याचा हा काळ ५३ महिन्यांचा होता. इतका काळ अंडी सांभाळणारा दुसरा कुठलाही प्राणी आजवर नोंदला गेलेला नाही.

रोबो खोल जातात याचं आपल्याला कौतुक असतं, आणि ते योग्यच आहे. पण त्या मादीबद्दल जे कळलं ते केवळ खोलीमुळे कळलं नाही. त्याच जागी, त्याच जिवाकडे पुन्हा पुन्हा जाता आलं म्हणून कळलं. समुद्रविज्ञानाची जुनी अडचण हीच आहे. जहाज येतं, चार दिवस मोजमाप करतं आणि निघून जातं. समुद्र मात्र बाराही महिने, रात्रंदिवस चालू असतो. रोबोंनी समुद्रविज्ञानाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन: तिथे टिकून राहणं.

पाण्यात उतरल्यावर काय काय बंद पडतं

समुद्रातला रोबो जमिनीवरच्या रोबोपेक्षा इतका वेगळा का असतो, हे समजण्यासाठी आधी पाण्याचा स्वभाव बघायला हवा.

पहिली गोष्ट दाब. दर १० मीटर खोलीमागे एका वातावरणाइतका दाब वाढतो. ती मादी बसली होती तिथे आपल्या डोक्यावरच्या हवेच्या सुमारे १४० पट दाब होता. जगातल्या सर्वांत खोल जागी, मारियाना गर्तेत, तो हजार पटींच्या पुढे जातो. एवढ्या दाबाखाली पाणी आत येऊ न देणारी एखादी सील थोडीशी जरी चुकीची बसली तरी आतली सगळी यंत्रणा क्षणात चिरडली जाते.

दुसरी गोष्ट माझ्या मते दाबाहूनही अवघड आहे: संपर्क. खारं पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. त्यामुळे पाण्याखाली वायफाय नाही, मोबाइल नाही आणि जीपीएसही नाही. मंगळावरच्या गाडीशी रेडिओने बोलता येतं, पण समुद्रात पाचशे मीटर खाली असलेल्या रोबोशी येत नाही. पाण्यात दूरवर जातो तो फक्त आवाज, सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने. पण आवाजावाटे फार थोडी माहिती पाठवता येते. व्हिडिओ तर सोडाच, एखादा फोटो धाडायचा तरी बराच वेळ लागतो.

उरलेल्या अडचणी पटकन सांगतो. दोनशे मीटरच्या खाली उजेड झपाट्याने संपतो आणि हजार मीटरखाली ठार अंधार असतो. सौरऊर्जा मिळत नाही, इंजिनाला हवा मिळत नाही, म्हणजे सगळी भिस्त बॅटरीवर. शिवाय मीठ धातू खातं, आणि पाण्यात जास्त दिवस राहिलेल्या कुठल्याही वस्तूवर शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव घर करतात.

समुद्री रोबोंचे जे वेगवेगळे प्रकार दिसतात ते या अडचणींतून काढलेल्या वेगवेगळ्या वाटा आहेत. कुणी केबल जोडून संपर्काचा आणि विजेचा प्रश्न सोडवतो, पण मग जहाजाशी बांधला जातो. कुणी केबल तोडून मोकळा फिरतो, पण मग त्याला स्वतःचं स्वतः ठरवावं लागतं. आणि काहींनी तर मोटर चालवत पुढे जाण्याचा नादच सोडून दिला आहे.

केबलवाले: डोळे आणि हात

केबलने बांधलेल्या वाहनाला वरून वीज मिळते आणि केबलमधल्या काचतंतूंतून स्वच्छ चित्र वर येतं. जहाजावरच्या एका खोलीत पडद्यांसमोर चालक बसतो, त्याच्या शेजारी शास्त्रज्ञ. चालकाच्या हातातली दांडी हलली की तीन किलोमीटर खाली रोबोचा हात हलतो.

हे हात मुळात समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामासाठी घडले. व्हॉल्व्ह फिरवणं, लोखंड कापणं ही त्यांची कामं. असा हात शंभर वर्षांच्या प्रवाळाच्या फांदीला लावला तर ती मोडणारच. म्हणून २०१६च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी मऊ, फुगणारी रबरी बोटं तयार केली आणि तांबड्या समुद्रात ती वापरून प्रवाळाचे नमुने उचलून दाखवले. पुढे जेलीफिशला इजा न करता धरतील अशी, शेवयांसारखी लवचीक बोटंही आली. ज्याचा अभ्यास करायचा त्यालाच मोडायचं नाही, हे मला या क्षेत्रातल्या सगळ्यात सुंदर सुधारणांपैकी एक वाटतं.

केबलवाल्या रोबोंनी दाखवलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. २०२०मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून दूर 'सुबास्टियन' नावाच्या रोबोला एक दोरीसारखा, गोल वळसे घेतलेला जीव दिसला. त्याच्या फक्त बाहेरच्या वळशाची लांबीच अंदाजे ४७ मीटर निघाली. मार्च २०२५मध्ये त्याच रोबोने दक्षिण सँडविच बेटांजवळ ६०० मीटर खोलीवर प्रचंड स्क्विडचं एक पिल्लू टिपलं, जेमतेम ३० सेंटीमीटरचं. या प्रजातीला नाव मिळालं १९२५मध्ये. म्हणजे तिच्या घरी, जिवंत, पोहताना तिला पाहायला शंभर वर्षं लागली.

पण थोडं थांबून बघावं असं उदाहरण आणखी एका ऑक्टोपसचं आहे. २०१८मध्ये कॅलिफोर्नियाजवळ डेव्हिडसन नावाच्या बुडालेल्या डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे ३२०० मीटर खोलीवर, ऑक्टोपसांची एक अख्खी वसाहत सापडली. खडकांच्या फटींत मोत्याच्या रंगाच्या माद्या दाटीवाटीने अंडी घेऊन बसलेल्या. पुढच्या मोजणीत सहा हजारांवर घरटी दिसली आणि एकूण संख्या वीस हजारांच्या आसपास असावी असा अंदाज निघाला. एवढ्या माद्या इथेच का आल्या? कॅमेऱ्यात खडकांवरचं पाणी उन्हातल्या रस्त्यासारखं थरथरताना दिसत होतं. रोबोने घरट्यांत तापमापक धरला तेव्हा उलगडा झाला. आजूबाजूचं पाणी १.६ अंश सेल्सिअस होतं आणि फटींतून झिरपणारं पाणी जवळपास ११ अंशांपर्यंत. थंडीत अंडी फार सावकाश वाढतात. आपल्या पहिल्या मादीला ५३ महिने लागले ते त्यामुळेच. एवढ्या खोल गारठ्यात पाच-आठ वर्षंही लागू शकली असती. इथे उबेमुळे ती दोन वर्षांच्या आतच उबतात. जितके दिवस कमी, तितकी अंडी कुणाच्या तोंडी जाण्याची भीती कमी.

हे सिद्ध करायला रोबोला पुनःपुन्हा जावं लागलं, खुणा केलेली घरटी पुन्हा शोधावी लागली आणि तळावर एक कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवावा लागला. ही जागा एका संरक्षित समुद्रक्षेत्रात येते. तिथे काय जपायचं आहे हे आता कळलं, आणि त्यासाठी पाणी किती गरम आहे, कुठून येतं, किती माद्या त्यावर अवलंबून आहेत हे माहीत असणं आवश्यक होतं.

केबलवाल्या रोबोचा एक मोठा दोष मात्र सांगायलाच हवा. तो आवाज करतो आणि प्रखर दिवे घेऊन येतो. ज्या जिवांनी जन्मभर सूर्य पाहिला नाही त्यांच्यासाठी हे फार भयंकर असणार. जे पळून जातात ते आपल्याला कधी दिसतच नाहीत. एडिथ विडर या शास्त्रज्ञ बाईंनी हा विचार फार आधी केला. खोल समुद्रातल्या बहुतेक प्राण्यांना लाल रंग दिसत नाही, म्हणून त्यांनी मंद लाल प्रकाशाचा, मोटर नसलेला, गप्प लोंबत राहणारा कॅमेरा केला आणि आमिष म्हणून जेलीफिशसारखे चमकणारे निळे दिवे लावले. २०१२मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ त्या कॅमेऱ्यासमोर महाकाय स्क्विड (मघाच्या प्रचंड स्क्विडहून ही वेगळी जात) स्वतःहून आला. हाच धडा घेऊन पुढे 'मेसोबॉट' नावाचा रोबो घडला. तो लाल उजेडात, संथ पंख्यांनी, पाणी न ढवळता एखाद्या नाजूक जिवामागे बराच वेळ सरकत राहू शकतो. दोनशे ते हजार मीटरमधल्या ज्या थरातून असंख्य जीव रोज रात्री वर येतात आणि पहाटे खाली जातात, तो थर त्याचं खास कार्यक्षेत्र.

जे कुठेच जात नाहीत

आता ज्यांचे फोटो कुणी काढत नाही अशा रोबोंबद्दल. मला स्वतःला हे सगळ्यात जास्त महत्त्वाचे वाटतात.

एक-दीड मीटर लांबीचं नळकांडं, वर अँटेना. याला फ्लोट म्हणतात. त्याला पंखा नाही, सुकाणू नाही, कॅमेरा नाही. ते फक्त खाली जातं आणि वर येतं. कसं, ते समजायला शाळेतलं प्लावक बल आठवावं लागेल. वस्तूचं वजन तेच ठेवून तिचा आकार वाढवला की ती जास्त पाणी बाजूला सारते आणि वर येते. आकार घटवला की बुडते. फ्लोटच्या पोटात थोडं तेल असतं आणि बुडाशी एक रबरी पिशवी. पंपाने तेल पिशवीत ढकललं की पिशवी फुगते आणि फ्लोट वर सरकतो. तेल परत आत घेतलं की तो खाली जातो. पेलाभर तेलाच्या हालचालीवर दोन किलोमीटरची चढउतार होते.

या फ्लोटचा दिनक्रम ठरलेला असतो. हजार मीटर खोलीवर नऊ-दहा दिवस प्रवाहाबरोबर वाहत राहायचं. मग दोन हजार मीटरपर्यंत बुडायचं आणि तिथून वर येता येता तापमान, क्षारता, दाब मोजत यायचं. पृष्ठभागावर आल्यावर आपलं ठिकाण आणि मोजमापं उपग्रहाला सांगायची आणि पुन्हा खाली. बॅटरी चार-पाच वर्षं पुरते. 'आर्गो' नावाच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात १९९९पासून असे फ्लोट सोडायला सुरुवात झाली. आज जगभरात सुमारे ४००० फ्लोट चालू आहेत. ऐकायला हे खूप वाटतात, पण महासागर इतका मोठा आहे की साधारण ९० हजार चौरस किलोमीटरला एक एवढाच वाटा येतो. त्यांची मोजमापं २४ तासांच्या आत जगातल्या कुणालाही मोफत बघायला मिळतात.

याने काय कळलं? हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. ही उष्णता कुठे, किती खोल, किती वेगाने जाते हे मोजायचं तर सगळ्या महासागरांत, सगळ्या ऋतूंत मोजत राहावं लागतं. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात हिवाळ्यात जहाजं फारशी जातच नसत. म्हणजे वर्षाचे कित्येक महिने तिथली वही कोरी. फ्लोटला थंडी-वादळाचं काही नसतं. आज तापमानवाढीबद्दल आपण समुद्राच्या बाबतीत जे ठामपणे बोलतो, त्यामागे या मुक्या नळकांड्यांची लाखो मोजमापं आहेत.

नव्या फ्लोटमध्ये आता प्राणवायू, नायट्रेट, आम्लता, हरितद्रव्य मोजणारे संवेदकही असतात. त्यातून एक मोठा वाद उभा राहिला. २०१८मध्ये फ्लोटच्या मोजमापांवरून असं दिसलं की दक्षिण महासागर, म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीचा तो समुद्र, हिवाळ्यात समजलं जात होतं त्याहून बराच जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. २०२१मध्ये विमानातून केलेल्या हवेच्या मोजणीने उलटं चित्र दाखवलं: तो समुद्र चांगलाच कार्बन शोषतो आहे. फ्लोट कार्बन डायऑक्साइड थेट मोजत नाही, आम्लतेवरून त्याचा हिशेब काढला जातो. संवेदकातली बारीकशी चूक हिशेबात मोठी होऊ शकते. रोबोचा आकडा आला म्हणजे तो खराच, असं नसतं. तो दुसऱ्या पद्धतीने पडताळावाच लागतो.

आणखी एक गोष्ट लपवण्यासारखी नाही. बॅटरी संपल्यावर बहुतेक फ्लोट परत आणले जात नाहीत. ते समुद्रातच राहतात. एकेक शोधायला जहाज पाठवायचं तर जेवढं इंधन जळेल त्याने जास्तच नुकसान होईल, हे खरं आहे. मला हा सौदा आज पटतो. पण समुद्र जपण्यासाठी समुद्रात धातू आणि बॅटऱ्या टाकतो आहोत याची टोचणी राहायला हवी. ती राहिली तरच जास्त टिकणारे आणि कमी विषारी फ्लोट बनतील.

फ्लोटला दोन पंख लावले की त्याचा ग्लायडर होतो. बुडताना आणि वर येताना पंखांमुळे तो तिरका सरकतो, करवतीच्या दातांसारखी नागमोडी रेघ काढत पुढे जातो. ही कल्पना लोकांपुढे मांडली हेन्री स्टॉमेल या समुद्रशास्त्रज्ञाने, १९८९मध्ये. त्याने २०२१ सालातून मागे वळून बघितल्यासारखा एक काल्पनिक लेख लिहिला. त्यात जगभरच्या समुद्रांत अशा यंत्रांचा ताफा फिरत असतो. यंत्रांना नाव दिलं स्लोकम, एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या माणसाचं. त्याचे सहकारी डग वेब यांनी पुढे ते यंत्र खरोखर बनवलं. २००९मध्ये रटगर्स विद्यापीठाचा असाच एक ग्लायडर अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यावरून निघाला आणि २२१ दिवसांत सुमारे ७४०० किलोमीटर कापून स्पेनजवळ पोहोचला. हिशेब केला तर ताशी दीड किलोमीटरही वेग पडत नाही. रमतगमत चालणारा माणूससुद्धा त्याला मागे टाकेल. पण माणूस सात महिने न थांबता चालत नाही. या ग्लायडरची आणखी एक खुबी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

बर्फाखाली

जिथे माणूस जाऊच शकत नाही अशा जागांत बर्फाखालचा समुद्र सगळ्यात वर ठेवायला हवा. अंटार्क्टिकाच्या हिमनद्या जमिनीवरून समुद्रावर पसरतात, आणि त्या तरंगत्या बर्फाच्या जाड छताखाली पोकळी असते. त्या छताला खालून ऊबदार पाणी लागलं की ते विरघळतं. थ्वेट्स ही अशीच एक हिमनदी. ती पूर्ण कोसळली तर जगभरच्या समुद्राची पातळी सुमारे ६५ सेंटीमीटर वाढेल.

जानेवारी २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी थ्वेट्सच्या बर्फात गरम पाण्याने सुमारे ६०० मीटर खोल भोक पाडलं आणि त्यातून 'आइसफिन' नावाचा रोबो सोडला. भोकातून जावा म्हणून तो पाइपसारखा बारीक आणि लांब. त्याने छताची खालची बाजू पाहिली. सपाट भागात बर्फ अपेक्षेपेक्षा सावकाश वितळत होता. पण भेगांत आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडांवर फार वेगाने. याआधीच्या गणितांत छत जणू गुळगुळीत धरलेलं होतं. हिमनदी खालून झिजते आहे की तडकत चालली आहे, हा फरक पुढच्या अंदाजांत फार मोठा ठरतो.

२०२२मध्ये स्वीडनचा 'रान' नावाचा स्वयंचलित रोबो डॉटसन हिमछताखाली गेला. केबल नाही, संपर्क नाही. नेमून दिलेला मार्ग पोहून तो स्वतःच परत यायचा. २७ दिवसांच्या मोहिमेत त्याने बर्फाखाली हजारावर किलोमीटर प्रवास केला आणि वरच्या छताचा नकाशा काढला. त्यात थेंबाच्या आकाराचे, काही तर ३०० मीटर लांबीचे खळगे दिसले. असं काही तिथे असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. २०२४मध्ये तो त्याच छताखाली पुन्हा गेला आणि परतलाच नाही. काय झालं कुणालाच माहीत नाही.

असं हरवणं नवीन नाही. २००५मध्ये ब्रिटनचा ऑटोसब अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली अडकला तो कायमचा. जपानचा 'काइको' १९९५मध्ये मारियाना गर्तेच्या तळाला जाऊन आला होता; २००३मध्ये केबल तुटून तो हरवला. 'नेरियस' २०१४मध्ये केरमाडेक गर्तेत ९९०० मीटरवर दाबाने फुटला. वर्षानुवर्षांची मेहनत एका क्षणात जाते तेव्हा ती माणसं किती हळहळत असतील याचा विचार मनात येतो. पण त्याच खोलीवर, त्याच क्षणी, आत माणूस नव्हता.

प्रवाळ वाचवणारा रोबो आणि त्याची मर्यादा

आतापर्यंतचे रोबो बघत आणि मोजत होते. काही रोबो थेट काम करतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर काटेरी मुकुटासारखा दिसणारा एक तारामासा असतो. त्याची संख्या मर्यादेत असेल तोवर ठीक. पण ती भडकली की तो प्रवाळांची पठारंच्या पठारं खाऊन टाकतो. क्वीन्सलँडमधल्या संशोधकांनी २०१५मध्ये एक रोबो बनवला. तो कॅमेऱ्याने हा तारामासा ओळखतो आणि त्याला पित्तक्षारांचं इंजेक्शन देतो. एका टोचणीत तो मरतो आणि आजूबाजूच्या जिवांना त्रास होत नाही. २०१८मध्ये 'रेंजरबॉट' ही त्याची सुधारित आवृत्ती आली. त्याच वर्षी तशाच रोबोने प्रवाळाच्या लाखो अळ्या उजाड झालेल्या तळावर नेऊन पेरल्या, शेतात बी पेरावं तशा.

वाचताना वाटतं, सुटलाच प्रश्न. तसं नाही. तारामासा निवडून मारण्याचं बहुतेक काम अजूनही माणसंच, पाणबुडे करतात. आणि या रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४मध्ये प्रचंड प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं. त्याचं कारण तारामासा नव्हता, तापलेलं पाणी होतं. पाणी थंड करणारा रोबो नाही. तारामासे हटवल्याने प्रवाळाला सावरायला थोडी उसंत मिळते, आणि ती मोलाची आहे. पण रोबो प्रवाळ वाचवतील असं सांगून कुणी मूळ प्रश्न बाजूला सारत असेल, तर ते मला मान्य नाही.

खोल समुद्रात तर हा धोका आणखी स्पष्ट आहे. प्रशांत महासागराच्या तळावर, क्लॅरियन-क्लिपरटन नावाच्या पट्ट्यात, बटाट्याएवढे धातूंचे गोळे विखुरलेले आहेत. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर अशा गतीने ते वाढले आहेत. त्यांत निकेल, कोबाल्ट, तांबं आहे, आणि ते गोळा करण्यासाठी तळावर फिरणारी यंत्रं २०२१पासून प्रत्यक्ष चाचण्यांत उतरली आहेत. तंत्र तेच: केबल, दिवे, कॅमेरे, चालक. त्याच भागात १९७९मध्ये एका चाचणी-यंत्राने तळ खरवडला होता. चाळीसहून अधिक वर्षांनी संशोधकांचे रोबो तिथे गेले तेव्हा त्या यंत्राच्या खुणा जशाच्या तशा दिसत होत्या. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार खोल समुद्रतळाचा ०.००१ टक्क्यांहूनही कमी भाग माणसाने आजवर डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने पाहिला आहे. न पाहिलेली जागा खरवडायला काढणं मला घाईचं वाटतं.

ग्लायडरचे कान

आता ग्लायडरची ती खुबी. त्याला सतत फिरणारा पंखा नसतो, म्हणून तो जवळजवळ गप्प असतो. आणि जो गप्प असतो त्याला चांगलं ऐकू येतं.

उत्तर अटलांटिकमध्ये राइट व्हेल नावाचे देवमासे आहेत. शिकारीला हाच 'योग्य' मासा, यावरून पडलेलं हे नाव. तो संथ पोहतो, किनाऱ्याजवळ राहतो आणि मेल्यावर तरंगतो. शिकारीने त्याला जवळजवळ संपवलं. आज चारशेपेक्षाही कमी उरले आहेत. आता शिकार नाही, पण जहाजांची धडक आणि मासेमारीचे दोर त्यांना मारतात. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचं मेन नावाचं आखात तापलं तसं त्यांचं बारीक अन्न सरकलं, आणि त्यामागे देवमासे कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात जाऊ लागले. तिथे जहाजांची वर्दळ, आणि त्यांच्यासाठी काहीच नियम नव्हते. २०१७च्या एका मोसमात त्या आखातात १२ देवमासे मेलेले सापडले. चारशे-साडेचारशेच्या कळपातून बारा.

देवमासा दिसला तर जहाजांना वेग कमी करायला सांगता येतं. पण तो दिसणार कसा? विमानं धुक्यात, वाऱ्यात, रात्री उडत नाहीत. म्हणून २०२०पासून कॅनडाने जहाजांच्या मार्गांवर ग्लायडर सोडायला सुरुवात केली. ग्लायडरमध्ये पाण्याखालचा मायक्रोफोन असतो. राइट व्हेलची एक ठरावीक हाक आहे, एक-दोन सेकंदांची, खालच्या सुरातून वर चढत जाणारी. ग्लायडरमधला छोटा संगणक अशा हाका वेगळ्या काढतो. दर काही तासांनी ग्लायडर वर येतो आणि त्या आवाजांचे आलेख उपग्रहावाटे किनाऱ्यावर पाठवतो. तिथे एक माणूस ते तपासतो, कारण हंपबॅक देवमासाही कधीकधी तशीच हाक देतो. त्याची खात्री पटली की त्या मार्गपट्ट्यात १५ दिवसांसाठी १० नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, ही वेगमर्यादा लागू होते. ती मोडणाऱ्या जहाजाला दंड होतो. समुद्रातला एक आवाज, आणि काही वेळाने कित्येक हजार टनांचं जहाज हळू होतं. रोबोंच्या सगळ्या बातम्यांत मला ही सगळ्यात जवळची वाटते.

तरी एक अडचण उरतेच. नवजात पिल्लू बरोबर असलेली आई मोठ्याने हाक देत नाही. संशोधकांनी अशा आयांच्या अंगावर आवाज टिपणारी छोटी उपकरणं लावून पाहिलं. माय-लेकरं नेहमीच्या हाका फार कमी देतात. एकमेकांशी बोलतात ते अगदी बारीक, दबलेल्या गुरगुरण्याने, जणू आजूबाजूच्या शार्कना ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढा आवाज ग्लायडरपर्यंत पोहोचत नाही. या जातीला ज्यांची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच माद्या त्याला ऐकू येत नाहीत. म्हणून हवा स्वच्छ असेल त्या दिवशी विमानं अजूनही उडतात, आणि खिडकीशी बसलेली माणसं पाण्यावर पांढरा फवारा दिसतो का ते बघत असतात.